गच्चीवरून चंद्र आणि तारे: घरच्या घरी आकाशाचे छायाचित्रण

कोजागरीच्या रात्री गच्चीवर दूध आटत असते आणि जो तो मोबाइल आकाशाकडे धरून उभा असतो. त्या फोटोंत बहुधा काय उतरते ते सर्वांना ठाऊक आहे: काळ्याभोर पार्श्वभूमीवर एक पांढराफटक गोळा, ना डाग ना विवर. दोष मोबाइलचा आहे असे मानून बरेच जण तिथेच थांबतात. प्रत्यक्षात चुका दोन झालेल्या असतात आणि त्या दोन्ही एक पैसाही खर्च न करता सुधारता येतात. पहिली चूक म्हणजे रात्र आहे असे समजून कॅमेऱ्याला त्याच्या मनाने उजेड ठरवू देणे आणि दुसरी म्हणजे त्यासाठी पौर्णिमा निवडणे.

पुण्यातील एका चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, शेजारी जाहिरातीचा झगमगता फलक आणि समोर बांधकामाची क्रेन असताना, जे जमले आणि जे फसले त्यावर हा लेख आधारलेला आहे. अंधाऱ्या माळरानाची अट येथे नाही. शहरातील दिव्यांचा चंद्राला काहीही त्रास होत नाही. ताऱ्यांना होतो, आणि त्यावर काय करता येते ते पुढे येईलच.

चंद्र हा उन्हातला विषय आहे

चंद्रावर पडणारे ऊन आणि आपल्या अंगणात पडणारे ऊन एकच आहे, कारण सूर्यापासूनचे दोघांचे अंतर जवळपास सारखे आहे. शिवाय चंद्राची जमीन डोळ्यांना वाटते तितकी पांढरी नाही. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १२ टक्केच ती परत पाठवते, म्हणजे जुन्या डांबरी रस्त्याइतकी ती काळपट आहे. त्यामुळे भर दुपारी रस्त्याचा फोटो घेताना जे आकडे लागतील, त्यांच्या आसपासचेच आकडे चंद्राला लागतात. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा आहे की पौर्णिमेच्या चंद्रासाठी लेन्सच्या छिद्राचे माप म्हणजे अ‍ॅपर्चर एफ/११ ठेवावे आणि शटरचा, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा, वेळ एक भागिले आयएसओ (कॅमेऱ्याच्या प्रकाशसंवेदनेचा आकडा) इतका घ्यावा. आयएसओ १०० असेल तर १/१०० सेकंद. अ‍ॅपर्चर एफ/८ केले तर साधारण १/२०० सेकंद. हवेत धूळ किंवा दमटपणा असेल तर यापेक्षा थोडा जास्त वेळ द्यावा.

कॅमेरा आपल्या मनाने हे करत नाही, आणि त्यामागे साधे गणित आहे. चंद्राचा आकाशातील व्यास सुमारे अर्धा अंश असल्यामुळे लेन्सच्या नाभीय अंतराला (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या आकड्याला) ११० ने भागले की संवेदकावर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर, पडणाऱ्या चंद्राच्या प्रतिमेचा व्यास मिळतो. ३०० मिलिमीटरच्या लेन्सने ती जेमतेम २.७ मिलिमीटर येते. नेहमीच्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या संवेदकाच्या) कॅमेऱ्यात ती चौकटीचा दीड टक्का भाग व्यापते आणि उरलेला सारा भाग काळा असतो. तो काळा भाग उजळावा म्हणून कॅमेरा शटर ताणतो आणि चंद्र जळून जातो. म्हणून सारे आकडे स्वतः ठरवण्याचा मॅन्युअल मोड हाच खात्रीचा मार्ग आहे. निदान चौकटीतील एका ठिपक्यापुरताच उजेड मोजणारे स्पॉट मीटरिंग तरी वापरावे.

अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा तेजस्वी असेल असे कोणालाही वाटेल, पण तो साधारण एक दशांशच असतो. ऊन तिरपे पडलेले असते आणि खड्ड्याखड्ड्यात सावल्या साचलेल्या असतात. त्या दिवशी एफ/८ आणि आयएसओ २०० वर १/१०० सेकंदाच्या आसपास सुरुवात करावी.

कॅमेऱ्याच्या आधी दिनदर्शिका काढावी

या छंदातील सर्वांत महत्त्वाचे साधन बहुतेक मराठी घरांत भिंतीवर टांगलेले असते. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातील कोनीय अंतराचे १२ अंशांचे माप. तिथी कळली की चंद्रावर त्या रात्री कुठे सूर्योदय होत आहे हेही कळते, आणि छायाचित्रात प्राण असतो तो त्याच रेषेवर. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर ऊन इतके तिरपे असते की एखाद्या डोंगराची सावली त्याच्या उंचीच्या कितीतरी पट लांब पडते. पौर्णिमेला मात्र सूर्य आपल्या पाठीमागून चंद्रावर सरळ ऊन टाकतो, सावल्या नाहीशा होतात आणि भर दुपारच्या माळासारखे सारे सपाट दिसते.

ही सीमारेषा रोज सुमारे १२ अंश सरकते, त्यामुळे शुक्ल पक्षात कोणत्या तिथीला काय टिपावे याचा अंदाज आधीच बांधता येतो. तृतीयेला उजव्या काठाजवळचे मेअर क्रिसियम हे लंबवर्तुळाकार गडद मैदान उजेडात येते. षष्ठीच्या सुमारास थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना ही एकमेकांना खेटून असलेली तीन विवरे दिसतात. त्यातील थिओफिलसच्या मध्यावरचा पर्वत छोट्या दुर्बिणीतूनही स्पष्ट दिसतो. अष्टमीला रेषा चंद्राच्या साधारण मध्यावरून जाते आणि अ‍ॅपेनाइन पर्वतरांगेची कड झळाळून उठते. नवमीला वरच्या बाजूस प्लेटोचे काळेशार, सपाट तळाचे विवर आणि खाली दक्षिणेकडे क्लेव्हियसचे दोनशे किलोमीटरहून मोठे कढईसारखे विवर उघडते. दशमी कोपर्निकसची: ९३ किलोमीटर व्यास, कडांवर पायऱ्यापायऱ्यांसारखे उतार. एकादशीला सायनस इरिडमच्या आखाताभोवतीचे जुरा पर्वत उन्हात येतात, पण आखाताचा तळ अजून अंधारात असतो, त्यामुळे चंद्राच्या कडेला सोन्याची एक कमान अधांतरी लटकल्यासारखी दिसते. आषाढी एकादशीला ढगांमुळे ती दिसण्याची आशा धरू नये. कार्तिकीला मात्र गच्चीवर जरूर जावे.

दिनदर्शिकेत छापलेली तिथी सूर्योदयाच्या वेळची असते. संध्याकाळपर्यंत ती बदललेली असू शकते, म्हणून तिथीच्या समाप्तीची वेळही वाचावी. शिवाय चंद्र आपल्याकडे पाहताना किंचित डुलत असल्यामुळे वरचा हिशेब काही तासांनी मागेपुढे होतो. संकष्टीला निरनिराळ्या गावांची चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, ती छायाचित्रकारालाही उपयोगी आहे. त्या रात्री सीमारेषा उलट, म्हणजे सूर्यास्ताची असते आणि मेअर क्रिसियम अंधारात बुडत असते किंवा नुकतेच बुडालेले असते. उपवास सोडण्याची घाई नसेल तर चंद्र वर यायला आणखी दोन तास द्यावेत.

चांद्रयान ३ चे लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरले तेव्हा श्रावण शुक्ल सप्तमी होती, आणि हा योगायोग नव्हता. लँडर सौरऊर्जेवर चालणारे असल्यामुळे उतरण्याच्या जागी नुकताच सूर्योदय झालेला असणे आवश्यक होते, म्हणजे पुढचे सुमारे १४ दिवस ऊन मिळते. ती जागा दक्षिणेस सुमारे ६९ अंशांवर आहे. सप्तमीच्या आपल्या फोटोत खालच्या टोकाजवळच्या विवरांच्या गर्दीत तो परिसर दाखवता येतो. मुलांना गच्चीवर नेण्यासाठी एवढे निमित्त पुरते.

महिन्याचाही विचार करावा. फाल्गुन आणि चैत्रातील शुक्ल अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताच्या वेळी महाराष्ट्रातून जवळजवळ डोक्यावर असतो. भाद्रपद-आश्विनातील अष्टमीचा चंद्र दक्षिणेकडे बराच खाली राहतो. चंद्र जितका उंच तितकी मधली हवा कमी, म्हणून वर्षातील सर्वांत स्पष्ट अर्धचंद्र फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मिळतात. डोक्यावरच्या चंद्राकडे कॅमेरा वळवताना मान मोडते हे खरे, पण ती किंमत देण्यासारखी आहे.

किती साहित्य लागते

फार नाही. ५५-२५० किंवा ७०-३०० मिलिमीटरची कोणतीही साधी झूम लेन्स, मॅन्युअल मोड असलेला कोणताही कॅमेरा आणि न डगमगणारा ट्रायपॉड एवढ्यावर एक वर्ष सहज जाते. पैसे मोजकेच असतील तर ते आधी ट्रायपॉडवर घालावेत. ३०० मिलिमीटर आणि २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर चंद्राचा व्यास सुमारे ७०० पिक्सेल येतो, म्हणजे एका पिक्सेलमध्ये चंद्राची साधारण पाच किलोमीटर जमीन. कोपर्निकस १९ पिक्सेलचे होईल. ते कमी वाटत असेल तर पुढची पायरी लांब लेन्सची नसून दुर्बिणीची आहे: सहा इंची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची, आरशाची) दुर्बीण मोठ्या लेन्सपेक्षा स्वस्त पडते आणि चंद्राची प्रतिमा ११ मिलिमीटरची देते. अशा दुर्बिणीला कॅमेरा थेट जोडल्यावर पुष्कळदा फोकस गाठता येत नाही, कारण नळीबाहेर प्रतिमा पुरेशी लांब येत नाही. मध्ये प्रतिमा मोठी करून बाहेर ढकलणारी बार्लो लेन्स घातली की प्रश्न सुटतो.

पहिली रात्र

चंद्र उगवण्याची नव्हे, तर तो ४० अंशांच्या वर येण्याची वाट पाहावी. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात सुमारे १० अंश व्यापते, तेव्हा क्षितिजावर चार मुठी. कॅमेरा अर्धा तास आधी गच्चीवर नेऊन ठेवावा, म्हणजे त्याचे तापमान बाहेरच्या हवेइतके होते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्या उष्ण हवेतून पाहिलेला चंद्र उकळत्या पाण्याखाली ठेवल्यासारखा हलतो. एप्रिल-मेमध्ये हा त्रास सर्वाधिक असतो. खाली मातीचे अंगण असेल तर गच्चीपेक्षा ते बरे. एअर कंडिशनरच्या बाहेरच्या युनिटवरून किंवा शेजारच्या पत्र्यावरून चंद्र दिसत असेल तर जागा बदलावी.

ट्रायपॉडचे पाय पूर्ण न उघडता जाड भागच वापरावेत, मधली दांडी वर करू नये आणि खालच्या आकड्याला पाच किलो ज्वारीची पिशवी अडकवावी. पिशवी हेलकावे खाणार नाही इतपत ती जमिनीला टेकलेली असावी. लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा बंद करावी, कारण स्थिर कॅमेऱ्यावर ती स्वतःच कंपने निर्माण करू शकते. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात नोंदवावी. आयएसओ १०० किंवा २००, अ‍ॅपर्चर एफ/८, आणि शटर तिथीनुसार.

फोकस हा खरा कसोटीचा भाग आहे. ऑटोफोकसने एकदा साधारण जुळवून घ्यावे, मग लेन्सवरचा खटका मॅन्युअलवर करावा, लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचे थेट दृश्य) सुरू करून प्रतिमा दहापट मोठी करावी आणि सीमारेषेवरचे एखादे विवर पडद्याच्या मध्यभागी आणावे. फोकसची कडी हलवताना चंद्र थरथरतो. बोट काढून तो शांत होईपर्यंत थांबावे, पाहावे, पुन्हा किंचित हलवावे. प्लेटोची कड दोन श्वासांपुरती कापल्यासारखी तीक्ष्ण होते आणि पुन्हा विरघळते. ते विरघळणे हवेमुळे असते, आपल्या चुकीमुळे नाही. जिथे तीक्ष्णपणाचे क्षण सर्वाधिक वेळा येतात ती फोकसची जागा योग्य. कडी तेथेच राहावी म्हणून कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून टाकावा.

शटरचे बटण हाताने दाबू नये. दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरावा. आरशाचा (डीएसएलआर) कॅमेरा असेल तर लाइव्ह व्ह्यूमधूनच फोटो घ्यावेत, म्हणजे आरशाचा धक्का बसत नाही. चंद्र स्वतःच्या रुंदीइतका सरकायला सुमारे दोन मिनिटे घेतो, म्हणजे सेकंदाला साधारण १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ३०० मिलिमीटरवर एक पिक्सेल पावणेतीन विकलांचा असल्यामुळे १/६० सेकंदात तो सरकल्याचे काहीच दिसत नाही; धूसरपणा आलाच तर तो कंपनाचा असतो. आमच्या गच्चीवर मी तीन आठवडे लेन्सला दोष देत होतो. एका रात्री लाइव्ह व्ह्यूकडे पाहत असताना चंद्र अचानक एकसारखा बारीक थरथरू लागला, आणि त्याच वेळी टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. पंप बंद होताच चंद्र स्थिर झाला. आता मी आधी टाकी भरण्याची वेळ विचारतो आणि ट्रायपॉड स्लॅबच्या मध्यावर न ठेवता खाली खांब असलेल्या कोपऱ्यात ठेवतो.

एकच फोटो काढून खाली उतरू नये. शटर मागेपुढे करत तीन वेगवेगळ्या वेळांचे प्रत्येकी वीस-पंचवीस फोटो घ्यावेत. कॅमेऱ्याच्या पडद्यावरची प्रतिमा अंधारात नेहमी जास्तच उजळ भासते, म्हणून निर्णय हिस्टोग्राम (चित्रातील उजेडाचा आलेख) पाहून करावा: उजवीकडचा डोंगर काठाला टेकलेला नसावा.

फक्त मोबाइल असेल तर

प्रो मोडमध्ये आयएसओ ५० ते १००, शटर १/१२५ ते १/२५०, फोकस अनंतावर आणि तीन सेकंदांचा टायमर. प्रो मोड नसेल तर पडद्यावरील चंद्रावर बोट दाबून धरावे, फोकस आणि उजेड कुलूपबंद झाला की बोट खाली ओढून उजेड कमी करावा. डिजिटल झूम वापरून पिक्सेल ताणण्यात अर्थ नाही. काही फोन चंद्र ओळखून त्यात स्वतःच्या प्रशिक्षणातून तपशील भरतात. तो फोटो सुंदर असेल, पण आपण काढलेला नसेल, म्हणून ती सोय बंद ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे.

मोबाइलचा खरा उपयोग दुर्बिणीच्या नेत्रिकेवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, आहे. १२०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली की ४८ पट मोठेपणा मिळतो आणि अख्खा चंद्र त्यात मावतो. मोबाइल धरणारा अडॅप्टर मिळतो. तो घ्यावाच, कारण हाताने धरून एक फोटो जमतो आणि दहा वाया जातात. आधी डोळ्याने फोकस करावा, मग फोनची मुख्य लेन्स नेत्रिकेच्या मध्यावर आणावी. दोन-तीन कॅमेऱ्यांचे फोन जवळची वस्तू समजून आपोआप दुसऱ्या लेन्सवर उडी मारतात. तेव्हा चित्र एकदम नाहीसे झाले तर गोंधळू नये, झूम एकपटीवर (१x) पक्की करावी.

हवेला चुकवण्याची युक्ती

हवा हलत असते, पण सतत सारखी हलत नाही. मिनिटभराच्या व्हिडिओतील काही चौकटी बाकीच्यांपेक्षा कितीतरी स्वच्छ असतात. त्या निवडून एकावर एक रचल्या की एकाच फोटोत कधीही न येणारा तपशील दिसू लागतो. ग्रहांचे आणि चंद्राचे हौशी छायाचित्रण आज ज्या दर्जाला पोहोचले आहे ते मुख्यतः याच पद्धतीमुळे.

कॅमेऱ्याने किंवा नेत्रिकेवरील मोबाइलने ६० ते ९० सेकंदांचा व्हिडिओ घ्यावा. ३० चौकटी प्रति सेकंद या वेगाने सुमारे दोन ते अडीच हजार चौकटी मिळतात. उजेड मुद्दाम थोडा कमी ठेवावा. संगणकावर पिप या मोफत प्रोग्रॅममध्ये व्हिडिओ घालून चंद्र मध्यभागी आणून घ्यावा आणि अनावश्यक काळा भाग छाटावा. मग चौकटी रचणाऱ्या ऑटोस्टॅकर्टमध्ये तो उघडावा, दर्जानुसार चौकटी लावून घ्याव्यात आणि वरच्या १० ते २० टक्केच रचायला सांगाव्यात. हवा वाईट असेल तर पाच टक्के. मोह आवरून कमी चौकटी घेणे हे येथे शहाणपणाचे, पण फारच कमी घेतल्या तर चित्र खरखरीत राहते, कारण खरखर चौकटींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते: १६ चौकटींनी ती चौथा हिस्सा होते, १०० चौकटींनी दहावा.

रचलेले चित्र आधी निराशाजनक, दुधाळ दिसते. रजिस्टॅक्स या प्रोग्रॅममध्ये तपशील तीक्ष्ण करणाऱ्या वेव्हलेटच्या पट्ट्या हळूहळू सरकवल्या की त्यातून विवरे वर येतात. पहिल्या दोन पट्ट्या पुरतात. विवरांच्या कडेला काळी-पांढरी दुहेरी रेघ उमटली, किंवा चंद्राच्या कडेला चुन्याची किनार आली, की आपण पुढे गेलो आहोत असे समजून मागे यावे. शेवटी गिम्प या चित्रसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उजेड-सावलीचा तोल साधावा. अंधाऱ्या बाजूला पूर्ण काळे होऊ द्यावे. तेथे ओढून-ताणून काही दाखवू नये.

कोर आणि ग्रहण

शुक्ल द्वितीया-तृतीयेच्या कोरीसोबत चंद्राचा उरलेला गोल मंद राखाडी दिसतो. तो पृथ्वीवरून परावर्तित झालेल्या उजेडाने उजळलेला असतो. त्यासाठी एफ/५.६, आयएसओ ८०० आणि एक ते दोन सेकंद लागतात. कोर जळते, ते चालते. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय कॅमेरा पश्चिमेकडे वळवू नये. लेन्समधून आलेले ऊन डोळा आणि संवेदक दोघांनाही क्षणात कायमचे निकामी करू शकते.

खग्रास चंद्रग्रहणात चंद्र हजारो पटींनी मंद होतो आणि तांबूस दिसतो. तेव्हा आयएसओ ८०० ते १६०० आणि एक ते चार सेकंदांपर्यंत जावे लागते. ३०० मिलिमीटरवर चार सेकंदांत चंद्र सरकलेला दिसतो, म्हणून आयएसओ वाढवणे बरे. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीचे ग्रहण भारतभर दिसण्याजोगे होते, पण भाद्रपदातील आकाशाचा भरवसा नसतो. ३१ डिसेंबर २०२८ चे खग्रास ग्रहण मात्र हिवाळ्यात येते आणि रात्री साडेदहाच्या आधी मध्याला पोहोचते. त्या रात्री गच्चीवर गर्दी असेल, तेव्हा ट्रायपॉडसाठी कोपरा आधीच अडवून ठेवावा.

ताऱ्यांच्या रेषा

तारे मंद असल्यामुळे येथे हिशेब उलटा होतो: शक्य तितका प्रकाश साठवायचा असतो आणि शहराचा उजेड तो साठवू देत नाही. त्यावरचा घरगुती उपाय म्हणजे छोटे फोटो पुष्कळ घेणे.

सर्वांत सोपा प्रयोग ध्रुवाभोवतीच्या रेषांचा. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची आपल्या अक्षांशाइतकी असते: पणजीहून साडेपंधरा, पुण्याहून साडेअठरा, मुंबईहून १९, नागपूरहून २१ अंश. म्हणजे पुण्यात उत्तरेकडे दोन मुठींपेक्षा किंचित खाली. इतक्या खाली असल्यामुळे समोरची इमारत त्याला झाकू शकते. जागा दिवसाच होकायंत्राने पाहून ठेवावी. १८ मिलिमीटरची लेन्स, एफ/४, आयएसओ ४०० आणि २० सेकंदांचा शटर अशी सुरुवात करावी. इंटरव्हॅलोमीटरने (ठरावीक अंतराने आपोआप शटर उघडणाऱ्या साधनाने) एका सेकंदाच्या अंतराने तास-दीड तास फोटो घेत राहावेत. तासात तारे १५ अंश फिरतात, तेवढा कंस मिळतो. दीर्घ एक्स्पोजरची खरखर काढण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ स्वतःत गुंतून राहतो आणि रेषा तुटक होतात. हे फोटो स्टारस्टॅक्स या प्रोग्रॅममध्ये घालून उजळ पिक्सेल ठेवण्याचा पर्याय निवडला की वर्तुळे तयार. विमानांच्या ठिपक्यांच्या रांगा त्या-त्या फोटोतून आधी पुसाव्यात. समोरच्या इमारतीतील खिडक्यांचे दिवे रात्रभरात लागत-विझत राहतात आणि अंतिम चित्रात सगळ्याच खिडक्या उजळलेल्या दिसतात. मला ते आवडते.

मृगातला तेजोमेघ

शहरातून आकाशगंगेचा पट्टा टिपण्याचा अट्टहास करू नये. त्यासाठी पेंचसारख्या ठिकाणी जावे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे. घरून मात्र डिसेंबर ते मार्चमध्ये मृग नक्षत्र हाताशी असते. मृगाच्या पट्ट्यातील तीन ताऱ्यांच्या खाली लोंबणाऱ्या मंद ताऱ्यांच्या ओळीत मधला तारा धुरकट दिसतो. तो सुमारे १३०० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ आहे आणि शहरी आकाशातही तो कॅमेऱ्याला सापडतो.

तारे बिंदूसारखे राहावेत म्हणून शटर किती सेकंद उघडे ठेवता येईल यासाठी ५०० भागिले नाभीय अंतर असा ठोकताळा सांगतात; एपीएस-सी कॅमेऱ्यात त्या उत्तराला पुन्हा दीडने भागतात. ५० मिलिमीटरच्या लेन्सला हे उत्तर साडेसहा सेकंद येते. आजच्या बारीक पिक्सेलच्या कॅमेऱ्यांत ते जास्तच उदार ठरते, आणि मृग खगोलीय विषुववृत्तावर असल्याने तेथे तारे सर्वांत वेगाने सरकतात. म्हणून चार सेकंदच घ्यावेत. अ‍ॅपर्चर एफ/२.८, आयएसओ १६००. फोकस व्याधावर करावा: लाइव्ह व्ह्यूमध्ये तो सर्वांत लहान ठिपका होईल तिथे थांबावे. २०० फोटो घ्यावेत. दर पाच-सात मिनिटांनी मृग पुन्हा मध्यावर आणावा.

मग लेन्सवर टोपी घालून, तेच आकडे ठेवून, २० काळे फोटो घ्यावेत. संवेदकातील तप्त पिक्सेल त्यांवरून वजा होतात. फोकस न हलवता लेन्सवर पांढऱ्या धोतराचा दुहेरी तुकडा ताणून बांधावा आणि सकाळच्या मोकळ्या आकाशाकडे रोखून आणखी २० फोटो घ्यावेत. त्यांवरून कडांची काळोखी आणि धुळीचे डाग दुरुस्त होतात. सारे डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल या प्रोग्रॅममध्ये एकत्र करावे. सुरुवातीला चित्र भगव्या-राखाडी धुक्याने भरलेले दिसेल. सिरिलमध्ये पार्श्वभूमीचा चढउतार काढण्याची सोय आहे, ती आधी वापरावी आणि मगच चित्र ताणावे. धुक्यातून गुलाबी ठिपका वर येतो. पिवळ्या सोडियमच्या दिव्यांच्या काळात प्रकाश गाळणारे फिल्टर चांगले काम करत. एलईडीचा पांढरा उजेड सर्व रंगांत पसरलेला असल्यामुळे त्यांचा उपयोग आता कमी झाला आहे, तेव्हा त्यावर घाईने खर्च करू नये.

दव आणि बुरशी

डिसेंबरात मध्यरात्रीनंतर तारे एकाएकी फुगून मंद झाले तर लेन्सवर दव धरले आहे असे समजावे. ते रुमालाने पुसू नये. लेन्सला हूड लावावे आणि हातमोज्यात घालायची उष्णतेची पुडी रबरबँडने लेन्सभोवती बांधावी. घरात परतताना कॅमेरा गच्चीवरच पिशवीत बंद करावा आणि तासाभराने उघडावा, म्हणजे उबदार घरातील ओलावा थंड काचेवर बसत नाही.

जून ते सप्टेंबर हा धोक्याचा काळ. माझी ५० मिलिमीटरची लेन्स एका पावसाळ्यात कपाटात चामड्याच्या पेटीत राहिली. आश्विनात बाहेर काढून दिव्याकडे धरली तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरलेले होते. चामडे ओलावा धरून ठेवते. आता मी स्वयंपाकघरातला, झाकणाला रबर असलेला मोठा हवाबंद डबा वापरतो. तळाशी सिलिका जेलची पाव किलोची पुडी, वर लहानसा आर्द्रतामापक आणि त्यावर लेन्सेस. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली पाहिजे. रंग बदलणारे दाणे फिके पडले की ते लेन्सेसपासून दूर, मंद आचेच्या तव्यावर सुकवून पुन्हा वापरता येतात. कोकणात हे दर पंधरा दिवसांनी करावे लागते. पंधरा दिवसांतून एकदा डबा उघडून प्रत्येक लेन्स टॉर्चने तपासावी, आणि त्याच दुपारी फाल्गुनातल्या अष्टमीचा जो व्हिडिओ तेव्हा घाईत रचला होता तो पुन्हा उघडून, या वेळी पाचच टक्के चौकटी घेऊन पाहाव्यात.